मागे राहिलेली मागणी

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय दिला तो ‘आधुनिक भारतीय समाजाची रचना आणि परिवर्तन’ असा. विषय ऐकून मी दचकलोच. माझे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे. त्यापुढे जे काही झाले ते सातपूरच्या कारखान्यात पाळी सुटल्यावर नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा समाजशास्त्राची परिभाषा माझ्याकडून कोणी अपेक्षू नये. मला येते ते एकच काम, आणि ते मी गेली तीस वर्षे करीत आलो आहे : कामगारांच्या मागण्यांची यादी तयार करणे आणि ती घेऊन मालकासमोर बसणे. त्या कामात एक गोष्ट मात्र मला कळून चुकली. यादीत कोणती मागणी पहिली येते, कोणती शेवटी येते आणि कोणती येतच नाही, ह्यावरून त्या ठिकाणची समाजरचना जितकी उमगते तितकी पुष्कळदा ग्रंथांवरूनही उमगत नाही. म्हणून आज मी अशाच एका मागे राहिलेल्या मागणीचा इतिहास सांगणार आहे. ती १९२८ साली मुंबईत पुढे आली, दहा वर्षांनी आपल्या जिल्ह्यात मनमाडला तिचा पुन्हा उच्चार झाला, आणि पुढे कधीतरी ती माझ्याही हातात येऊन पडली.

सुरुवात थोडी मागून करावी लागेल. १८५३ च्या एप्रिल महिन्यात १६ तारखेला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात कार्ल मार्क्सचा हिंदुस्थानविषयी एक लेख प्रसिद्ध झाला. त्यात त्याने असा होरा बांधला होता की, आगगाडीच्या मागोमाग यंत्रोद्योग येतील, ते पिढीजात श्रमविभागणी मोडून काढतील, आणि ज्या श्रमविभागणीवर जाती उभ्या आहेत ती मोडली की जातीही मोडतील. आपल्याकडच्या सुधारकांपैकीही पुष्कळांना असेच वाटत असे. एका डब्यात सगळे मांडीला मांडी लावून बसले म्हणजे सोवळे राहणार कोठे?

तर्क चुकीचा नव्हता. आपल्या वणीसारख्या गावाचा जुना गाडा डोळ्यांपुढे आणा. लोहाराचा मुलगा लोहार, कुंभाराचा कुंभार, चांभाराचा चांभार. मोबदला रोख नव्हे; खळ्यावर धान्य तयार झाले की ज्याचे त्याचे बलुते ठरलेल्या मापाने घालावयाचे. महाराने वेस राखावी, सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचवावे, मेलेले ढोर ओढावे, आणि त्याच्या बदल्यात वतनाची जमीन नि भाकरीचा तुकडा. ह्या व्यवस्थेत काम जन्माला बांधलेले होते आणि पोट कामाला. म्हणून काम सुटले की गाठ सुटेल, असे मानणे साहजिक होते. यंत्र काही जात विचारीत नाही.

यंत्र विचारीत नाही हे खरेच. पण यंत्रावर माणूस नेमणारा विचारतो. मुंबईत पहिल्या कापडगिरणीची उभारणी १८५४ साली झाली आणि पुढच्या तीसचाळीस वर्षांत परळ-लालबागकडे चिमण्या दिसू लागल्या. गिरणीच्या मालकाचा कामगाराशी संबंध नावापुरताच. माणसे आणावयाची, लावावयाची, काढावयाची ती जॉबरने. जॉबर आणणार कोणाला? आपल्या गावच्या, आपल्या भावकीतल्या, आपल्या जातीतल्या माणसाला. त्यालाच तो खोलीत जागा देई, अडीनडीला व्याजाने पैसे देई, आणि त्याचाच हात धरून त्याला खात्यात उभे करी. अशा रीतीने गावगाडा मुंबईला गेला तो बैलगाडीतून नव्हे, जॉबरच्या वहीतून. साळखात्यात म्हणजे विणकामाच्या खात्यात कोणी, रिंगखात्यात कोणी, झाडलोटीला कोणी, हे हळूहळू ठरून गेले. कोणी कायदा केला नव्हता, कोणत्या मालकाने फलक लावला नव्हता.

आता त्या साळखात्याकडे वळू, कारण आपली मागणी तिथली आहे. साळखात्याचा पगार रिंगखात्यापेक्षा पुष्कळ बरा. अस्पृश्य कामगार मुख्यतः रिंगखात्यात असत. मागावर त्यांना उभे राहू देत नसत. कारण काय सांगत, तर धागा. मागावर धोटा इकडून तिकडे धावतो. धोट्यातल्या कांडीवरचे सूत संपले की विणकर नवी कांडी घाली आणि तिच्या सुताचे टोक धोट्याच्या भोकाशी धरून पलीकडून तोंडाने ओढून घेई. एकाच धोट्याला पाळीपाळीने अनेकांची तोंडे लागत. तेव्हा अस्पृश्याने ओढलेल्या धाग्याला आमचे ओठ लागले तर आम्ही बाटणार, असे सवर्ण विणकरांचे म्हणणे. लँकेशायरच्या गिरण्यांतही धागा असाच ओढीत आणि त्याने रोग पसरतात म्हणून तिकडे ओरड होई. तिथे ती आरोग्याची बाब होती. आपल्याकडे ती विटाळाची झाली.

मी ह्या प्रकाराचा पुष्कळ विचार केला आहे आणि माझे मत असे की धागा ही सबब होती. नुसता विटाळच नडत असता तर सुई किंवा आकडा वापरून धागा ओढण्याची युक्ती ह्या देशातल्या कारागिराला सुचली नसती असे नाही. नडत होता तो पगार. विणकराला आपल्या शेजारच्या मागावर आपला भाऊ, मेहुणा, गाववाला हवा होता. विटाळाने त्याचे ते काम फुकटात होत होते. आणि मालकाला काय हवे? चांगल्या पगाराच्या खात्यातला कामगार आणि हलक्या पगाराच्या खात्यातला कामगार एका ताटात जेवत नाहीत, ह्यापेक्षा त्याला आणखी काय हवे असणार?

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. आपल्या देशातल्या कामगार चळवळीचा उगम जातिसंस्थेविरुद्धच्या चळवळीतच आहे. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. १८४८ सालचा त्यांचा जन्म. गिरणीतल्या नोकरीत त्यांनी कामगारांचे हाल जवळून पाहिले आणि १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्र मुंबईतून चालविले. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढे ठेवला. मागण्या काय? आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर, अपघात झाला तर भरपाई. २४ एप्रिल १८९० ला त्यांनी भरविलेल्या सभेला दहा हजार कामगार आले आणि त्यात दोन बाया बोलावयास उभ्या राहिल्या. त्याच वर्षी जूनच्या १० तारखेला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवारी घरी असतो. ती सुट्टी कोणी मिळवून दिली हे मुलांना सांगत नाही. हेच लोखंडे विधवांच्या केशवपनाविरुद्ध न्हाव्यांची सभा भरवीत होते. त्यांच्या डोक्यात कामगाराचा प्रश्न आणि जातीचा प्रश्न असे दोन कप्पे नव्हते. १८९७ साली प्लेगात त्यांचा अंत झाला. पुढे कप्पे पडले.

ते किती पक्के पडले हे १९२८ साली दिसले. त्या वर्षी एप्रिलमध्ये मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले आणि ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा महिने, टिकले. एका बाजूला नारायण मल्हार जोशी, दुसऱ्या बाजूला डांगे आणि लाल बावट्याची नवी गिरणी कामगार युनियन, असे एरवी न पटणारे लोक त्या संपात एकत्र आले होते. कामगारांच्या त्यागाविषयी मी काही कमी बोलणार नाही. सहा महिने उपाशी राहणे म्हणजे काय ते संप केलेल्यालाच ठाऊक. परंतु मागण्यांत साळखात्याचा प्रश्न नव्हता. तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढाऱ्यांना स्पष्ट बजावले की, अस्पृश्यांना कापडखात्यात सर्वत्र काम करण्याचा हक्क ही मागणी तुम्ही घेतली नाहीत, तर मी माझ्या लोकांना संपापासून दूर राहावयास सांगेन. पुढाऱ्यांनी ती मागणी मग घेतली. घेतली म्हणजे नाइलाजाने घेतली. ती मालकांपुढे ठेवली तेव्हा मालकांनी काय उत्तर द्यावे? ते म्हणाले, हा अन्याय असेल, पण तो आम्ही केलेला नाही. ह्याला जबाबदार आम्ही नव्हे.

श्रोतेहो, आयुष्यभर मालकांशी भांडलेला मी माणूस. मालकाचे उत्तर निरुत्तर करणारे होते असे कबूल करताना मला किती जड जाते हे तुम्ही समजू शकाल. ते उत्तर पुरते प्रामाणिक नव्हते, कारण ह्या भिंतीचा फायदा मालक घेतच होता. पण भिंतीच्या विटा कामगारांनी लावल्या होत्या, एवढे खरे. पुढच्याच वर्षी, १९२९ च्या संपात, आंबेडकरांनी अस्पृश्य कामगारांना संपाला साथ न देण्याचा सल्ला दिला. आमच्या चळवळीत त्याबद्दल त्यांना आणि त्यांच्या लोकांना पुष्कळ बोल लावले गेले. संपफोडे हा शब्द आमच्या तोंडी फार लवकर येतो. ज्याला मागावर उभे राहू दिले नाही त्याने मागवाल्याच्या पगारासाठी उपाशी का राहावे, हा प्रश्न मात्र फार थोड्यांनी स्वतःला विचारला.

आता मनमाडला येऊ. आगगाडीने जाती मोडतील असे ज्यांना वाटत होते त्यांनी मनमाडची हकीकत जरूर पाहावी, कारण मनमाड हे गावच आगगाडीने वाढविलेले. १९३८ च्या फेब्रुवारीत १२ आणि १३ तारखांना तेथे जी. आय. पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. आंबेडकर अध्यक्ष. त्यांच्या भाषणातले एकच वाक्य आपण सगळे ऐकत आलो : कामगारांचे दोन शत्रू, एक ब्राह्मणशाही आणि दुसरा भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती, असा खुलासाही त्यांनी तिथेच केला होता. परंतु मला त्या भाषणात अधिक मोलाचा वाटतो तो त्यांनी दिलेला साधा हिशेब. रेल्वेत अस्पृश्य माणूस बहुतेक गँगमन. रुळांवर खडी टाकावी, उन्हातान्हात हातोडा मारावा. पोर्टरची नोकरी सुद्धा त्याला मिळत नसे. का, तर पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरी पाणी भरावे लागे, घरकाम करावे लागे. आणि स्टेशनमास्तर सवर्ण. रेल्वेच्या कारखान्यातही त्याला मिस्त्री होता येत नसे.

पाहा, गंमत कशी आहे. पोर्टर ही इंग्रज कंपनीने निर्माण केलेली अगदी नवी नोकरी. बारा बलुत्यांत तिचे नाव नाही. तरी तिच्यात स्टेशनमास्तरचा पाण्याचा हंडा शिरला आणि त्या हंड्याबरोबर सगळी जुनी रचना शिरली. लोखंडी रूळ, वाफेचे एंजिन, तारायंत्र ही सारी नवी सामग्री, आणि तिच्या मधोमध तो हंडा! परिवर्तन झाले नाही असे मी म्हणत नाही. मृत ढोर ओढणाऱ्याला महिन्याचा रोख पगार मिळू लागला, त्याला सभा भरविता आली, ठराव करता आला, हे लहान परिवर्तन नव्हे. बलुत्यावर जगणाऱ्याला परिषद भरविता आली नसती. परंतु नव्या घरात जुनी उतरंड पुन्हा रचली जाते, आणि ती आपोआप ढासळत नाही. तुम्ही कामगारांत फूट पाडता, ह्या आरोपालाही आंबेडकरांनी उत्तर दिले. त्याचा आशय असा की, ज्याला दुसऱ्या कामगाराला नाकारलेले खास हक्क स्वतःसाठी हवे आहेत, त्याला तुझे चुकते आहे असे सांगणे, हाच एकीचा मार्ग. हे आम्ही संघटक लोक क्वचितच सांगतो. सांगितले तर वर्गणी बंद होते. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध आंबेडकर आणि कम्युनिस्ट ह्यांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप केला. तेव्हा दोघांना एकत्र येणे अशक्य नव्हते, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते.

आपल्या तालुक्याचा माणूस ह्या इतिहासात फार मोठा आहे. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावी १९०२ साली जन्मलेले भाऊराव कृष्णाजी गायकवाड, म्हणजे दादासाहेब. २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला त्याचा सगळा भार त्यांच्या खांद्यावर होता. तो वर्षानुवर्षे चालला, दार उघडले नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याच्या परिषदेत आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. हे सर्वांना ठाऊक आहे. तितके ठाऊक नाही ते पुढचे. स्वातंत्र्यानंतर अस्पृश्यता कायद्याने गेली, १९५८ च्या कायद्याने महारांची वतनेही गेली. वतन गेले तशी वेठ गेली, ही सुटका होती. पण वेठ गेली म्हणून पोटापुरती जमीन आली असे झाले नाही. दादासाहेबांनी हे ओळखले आणि १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह झाला, लाखांवर माणसे तुरुंगात गेली. मागणी होती पडीक आणि सरकारी जमीन कसणाऱ्या भूमिहीनांना देण्याची, आणि भूमिहीन म्हणजे कोणत्याही जातीचा भूमिहीन. मुंबईत जी मागणी यादीत कशीबशी शिरली होती, तिच्या मालकांनी इथे स्वतःच यादी लिहिली आणि इतरांना तिच्यात जागा दिली. १९७१ साली दादासाहेब वारले. त्यांच्या तालुक्यात संघटनेचे काम करताना मला त्यांची आठवण येते, आणि थोडी शरमही वाटते. ती का, ते सांगतो.

सातपूरच्या एका कारखान्यात मी युनियनचा पदाधिकारी होतो. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. चूक माझी होती. कायम कामगार आम्ही साडेतीनशे. झाडलोट, संडाससफाई आणि कँटीनची भांडी ह्यांना बावीस माणसे, सगळी ठेकेदाराची, आणि सगळी दोनतीन जातींची. आमच्या सनदेत एकोणीस मागण्या होत्या. एकोणिसावी ह्या बावीस जणांना कायम करण्याची. ती माझ्याच आग्रहाने घातली होती आणि तिच्यावर मी गेटसभेत चांगले भाषणही केले होते. चार महिने वाटाघाटी चालल्या. शेवटी व्यवस्थापनाने सांगितले की, पगारवाढ तुम्ही म्हणता तेवढी देऊ, एकोणिसावी सोडा. समितीतले सगळे माझ्याकडे पाहू लागले. बाहेर साडेतीनशे घरे वाट पाहत होती. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी गेटवर पेढे वाटले जात होते. झाडणाऱ्या मावशी बाजूला उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “भाऊ, आमचं काय झालं?” मी म्हणालो, “मावशी, पुढच्या कराराला नक्की बघू.” त्यांनी पेढा घेतला आणि पदरात बांधला. पुढच्या कराराच्या आधीच ठेकेदार बदलला आणि त्याच्याबरोबर ती बावीसही माणसे गेली. मावशींना मी पुन्हा पाहिले नाही.

ह्यानंतर वर्षदीड वर्षाने वाचनालयात धनंजय कीरांनी लिहिलेले आंबेडकर-चरित्र वाचताना १९२८ च्या संपाचा भाग आला. पुस्तक मी बंद केले आणि उठलो. गिरणीच्या पुढाऱ्यांपेक्षा मी बरा नव्हतो. त्यांनी मागणी नाइलाजाने का होईना घेतली तरी होती, मी घेतलेली खोडली होती. माझ्या त्या समितीत जात मानणारा एकही माणूस नव्हता असे मी शपथेवर सांगेन. आम्ही एकमेकांच्या डब्यातले खात होतो. साळखात्याच्या दारावर विटाळ उभा होता. आमच्या दारावर ‘कायम’ आणि ‘ठेक्याचा’ हे दोन शब्द उभे होते, आणि त्यांनी नेमके तेच काम चोख बजावले.

आता मी नोकरी सोडून वणीलाच असतो आणि हमाल व शेतमजूर ह्यांच्यात थोडे काम करतो. इथली रचनाही आपल्या डोळ्यांदेखत बदललेली आहे. माझ्या लहानपणी आमची दीड एकर कोरडवाहू होती. बाजरी, कुळीथ, बस्स. ओझरखेड, करंजवण ह्या धरणांचे पाणी आले आणि ह्या मुलखात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. शेतकऱ्याचा मुलगा इंजिनियर झाला, ही चांगलीच गोष्ट. पण छाटणी, विरळणी, डिपिंग आणि खुडणी करावयास येतो तो सुरगाणा-पेठकडचा आदिवासी. टोळीने येतो, एकरी ठेक्याने काम घेतो, दिवाळीआधीची उचल फेडीत फेब्रुवारी उजाडतो. पोरे बागेच्या कडेला. टोळीचा मुकादम माणसे आपल्या पाड्यावरची, नात्यातली आणतो. माझ्या मनात येते, हा लालबागचा जॉबरच की!

ह्याच माणसांनी ६ मार्च २०१८ ला नाशिकहून चालावयास सुरुवात केली आणि १२ तारखेला ती मुंबईत होती. सुमारे १८० किलोमीटर, कित्येकांच्या पायांत वहाण नव्हती. दहावीच्या मुलांची परीक्षा होती म्हणून शेवटची मजल त्यांनी रात्रीत चालून काढली. मुंबईकरांनी त्यांना पाणी दिले, खाऊ घातले, वर्तमानपत्रांनी फोडांनी भरलेले पाय छापले. त्यांची मागणी २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे कसत असलेल्या वनजमिनीचे पट्टे देण्याची होती. बागेतल्या मजुरीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. बागाईतदारांपैकी काहींनी मला तेव्हा समाधानाने सांगितले, “बघा, त्यांची तक्रार सरकारशी आहे, आमच्याशी नाही.” मला गिरणीमालकांचे ते उत्तर आठवले.

बागाईतदारही सुखात आहे असे नाही. गारपीट एका तासात वर्षाचे कर्ज त्याच्या डोक्यावर ठेवून जाते, व्यापारी पैसे बुडवून पळतो. त्याला शत्रू ठरवून माझे काम होणार नाही, आणि त्याला दुखवायचे नाही म्हणून गप्प बसलो तरी होणार नाही.

गेल्या महिन्यात आठवडे बाजाराच्या दिवशी आम्ही टोळ्यांतल्या वीसपंचवीस जणांना चहाच्या टपरीमागे बसवून मागण्यांची यादी करावयास घेतली. रोज किती, उचलीचा हिशेब लेखी, औषध फवारताना हातमोजे, बायकांसाठी आडोसा, असे लिहीत गेलो. एक बाई बराच वेळ काही बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “भाऊ, आमाला पाणी डरमातलं देत्यात. फवाऱ्याचा डरम. घरातल्या माणसांचा माठ पडवीतच राहतो. ते लिवा.” एका तरुण कार्यकर्त्याने मला हळूच सुचविले की हे लिहिले तर बागाईतदार बिथरतील, मजुरीचे बोलणेच फिसकटेल, आधी रोज वाढवून घेऊ, पाण्याचे मागून पाहू. मुलगा हुशार आहे, त्याचा हिशेब चुकीचा नाही. तोच हिशेब करून मी सही केली होती.

मी ते लिहिले. सध्या यादीत सात मागण्या आहेत आणि पाण्याची सातवी आहे. ती कितव्या क्रमांकावर असावी ह्यावर आमच्यात एकमत झालेले नाही. येत्या बाजाराच्या दिवशी पुन्हा बसणार आहोत, आणि त्या बाईंनी येताना आपल्या पाड्यावरच्या आणखी चारपाच जणींना घेऊन येते असे सांगितले आहे.